सहा चाकं आणि घोंगडीचं ठिगळ

नवरा रिटायर झाला की घरातल्या धडधाकट वस्तू आजारी पडायला लागतात, हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं. आमचे हे पस्तीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सुपरवायझर होते. निरोपसमारंभाचा हार सुकायच्या आत त्यांनी माझ्या कुकरची शिट्टी खोलली. मग मिक्सर खोलला. मग समोरच्यांची डोअरबेल खोलली, जी चांगली वाजत होती. मीही काही साधीसुधी नाही म्हणा. मी शेंद्र्याच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला होते, म्हणजे दुसऱ्यानं घाम गाळून बनवलेल्या वस्तूत खोट काढायचा मला पगार मिळायचा. माझ्या पर्समध्ये अजूनही कंगव्याशेजारी माप घ्यायचा व्हर्नियर असतो. अशी दोन माणसं एका छोट्या फ्लॅटमध्ये दिवसभर समोरासमोर बसली तर काय होतं, ते आमच्या उस्मानपुऱ्यातल्या बिल्डिंगला विचारा. आमच्या खिडक्या उघड्याच असतात.

हे सगळं सुरू झालं सीताफळांपायी. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. आम्ही खुलताबादच्या बाजूला गेलो होतो, आणि रस्त्याकडेला लिंबाखाली एक म्हातारी टोपली घेऊन बसलेली दिसली. मी भाव करायला बसले. हे "जरा आलोच" म्हणून मागच्या बाजूला गेले आणि चांगली पंधरा मिनिटं आलेच नाहीत. शुगरचा माणूस, मी घाबरले. जाऊन बघते तर हे एका पाण्याच्या हौदासमोर गुडघे टेकून बसलेले, दोन शेळ्या पाणी पितायत, तिसरी यांचा शर्ट चघळतेय आणि यांचं लक्षच नाही.

"अगं, हा हौद नाही," हे म्हणाले. "ही गाडी आहे."

"ऊन लागलंय तुम्हाला. उठा."

"तू बघ तरी!"

बघितलं. दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढं एक प्लास्टिकचं धूड, अर्धं मातीत रुतलेलं. रंग कधीकाळी पिवळा असावा. कडेची माती पायानं उकरली तर एका बाजूनं तीन लोखंडी दांडे बाहेर आलेले, दुसऱ्या बाजूनं तीन. आता इन्स्पेक्टरचा हात काही स्वस्थ बसत नाही. मी व्हर्नियर काढला आणि सहाही दांडे मोजले, तर सगळे एका मापाचे, केसाचा फरक नाही. शेळ्यांना पाणी पाजायला एवढी तसदी कुणी घेत नाही. मी यांच्याकडं बघितलं. कुकरची शिट्टी खोलतानासुद्धा एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात म्हातारी काठी टेकत मागं आलीच. नऊवारी, कपाळावर बोटभर भंडारा, गुडघे इतके वाकडे की चालताना दोन्ही पाय दोन गावांना निघाल्यासारखे. "काय मोजायले व्हय?" म्हणाली.

हौदाचा सगळा इतिहास तिनं तिथंच उभ्या उभ्या सांगितला. पलीकडच्या पाझर तलावाचं काम चाललं होतं तेव्हा एका साहेबाकडं ही गाडी होती. चिखलात चालायची आणि पाण्यातही चालायची. साहेब बदलून गेला, गाडी मोडून पडली, आणि हिच्या मालकानं, म्हणजे नवऱ्यानं, दोन मेंढरं देऊन ती ठेवून घेतली. इंजिन काढून विहिरीवर बसवलं, ते तिथंच मेलं. चाकं काढून छपराच्या पत्र्यावर वजनाला टाकली. उरलं ते जनावरांच्या पाण्याला.

"पाण्यात चालायची?" हे म्हणाले. तोंड उघडंच राहिलं होतं.

"बदकावानी. म्या सोता बसले हाय तिच्यात."

यांनी लगेच विचारलं, देता का. मी मागून चिमटा काढला, पण पालथ्या घड्यावर पाणी. म्हातारीनं काठीनं तलावाकडं दाखवलं. मधोमध एक टेकडी होती, चहूबाजूंनी पाणी, वर एक झाड आणि झाडाखाली पांढरं काहीतरी.

"त्यो आमचा बिरोबा," म्हणाली. "तलाव भरला की बेटावर बसतो. दसऱ्याला म्या म्हशीची शेपटी धरून जायची, भंडारा व्हायची, सोनं द्यायची अन् माघारी यायची. लग्न झाल्यापासून एक दसरा चुकला नव्हता. आता गुडघं गेलं. तीन दसरं झालं, हितूनच हात जोडते."

"मग उन्हाळ्यात जायचं ना मावशी, पाणी आटल्यावर," मी शहाणपणा केला.

"पोरं बी तेच म्हणतात. दसरा उन्हाळ्यात येतो व्हय?"

मी होडीचं विचारलं तर म्हणाली, "मेंढरं राखणाऱ्याच्या दारात होडी कुठून यायची? पोरं डबड्याला धरून पवत जात्यात. मला काय डबड्याला बांधत्याल?" मग यांच्याकडं वळून तिनं अट घातली. "मिस्तरी, घेऊन जा गाडी. पर येत्या दसऱ्याला मला देवापाशी न्यायचं. त्याच्या पुढल्या सालाचं माझं काय खरं नाय, हे एकच साल मागते. नाय जमलं तर हौद हाय तसा आणून टाकायचा."

"मिस्तरी" हा शब्द यांना लागला. टूलरूम सुपरवायझर होतो मी, असं ते घरी येईपर्यंत गाडीत पुटपुटत होते. पण शब्द दिला तो दिलाच. आठवड्याभरात शेळ्यांना सिमेंटचा नवा हौद बसवून दिला, पत्र्यावरची चाकं उतरवली, चारच निघाली, आणि टेम्पोत घालून ते धूड आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आणलं. सोबत लेंड्यांचा वास आला तो फुकट.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी खाली उभे. ही वस्तू कोणत्या नियमात बसते, असा त्यांचा सवाल. मी म्हटलं, आम्हाला एक टू-व्हीलरची जागा आहे आणि एक फोर-व्हीलरची. दोन आणि चार किती? ते बोटांवर मोजायला लागले. मग म्हणाले, "पण मॅडम, चाकं कुठायत?" तो मुद्दा मात्र बरोबर होता.

ओळख पटवायचं काम माझ्याकडं आलं. नावाची पाटी कधीच उडाली होती, तिच्या जागी रिव्हेटची चार भोकं. ह्या सहाचाकी, पाण्यात चालणाऱ्या गाड्या पन्नासेक वर्षांपूर्वी परदेशात निघाल्या, बऱ्याच कंपन्यांनी काढल्या आणि बऱ्याच बुडाल्या, एवढं फोनवर वाचून कळलं. हेही कळलं की जगात या गाड्यांच्या नादी लागलेली माणसं आहेत, त्यांचा एक ग्रुप आहे, आणि त्यातले बहुतेक रिटायर झालेले पुरुष आहेत. म्हणजे जगभर बायकांचं सारखंच. त्यातले एक कॅनडाचे आजोबा मला चिकटले. तिकडं त्यांची झोपायची वेळ व्हायची तेव्हा इकडं माझा चहा, आणि त्यांचे प्रश्न यायचे. तळाला आडव्या पन्हळी किती? हबला बोल्ट किती? वरचा आणि खालचा भाग जोडलाय तो सांधा कंबरेला आहे की वर?

मी मापं घेतली ती अशी तशी नाही. तळाची जाडी बारा ठिकाणी मोजली. प्रत्येक मापापुढं कमीजास्तीची हद्द लिहिली, खाली सही केली आणि कंपनीत करायचे तसा रिपोर्ट पाठवला. एकच खोट सापडली होती, ती लाल पेनानं लिहिली: मधला ॲक्सल पुढच्यामागच्यापेक्षा बोटभर खाली आहे, वाकलेला असावा, रिजेक्ट. हे म्हणाले, दाबून वर घेऊ. आम्ही जॅक लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात आजोबांचं उत्तर आलं. सगळं मोठ्या अक्षरात. हात लावू नका! त्या कंपनीच्या पहिल्या गाड्यांत मधला ॲक्सल मुद्दाम खाली ठेवला होता, म्हणजे गाडी मधल्या दोन चाकांवर तोलून जागच्या जागी वळते. तीच तिची ओळख. तुम्ही जिला खोट म्हणता, बाई, त्यावरूनच मी तिला ओळखलं.

आता हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. मी फोन उपडा ठेवला आणि लाल पेनाचं ते रिजेक्ट निळ्या पेनानं खोडलं.

पुढचे सहा-सात महिने आमच्या घरात जेवणाच्या ताटाशेजारी ग्रीस होतं. चाकं फिरवणाऱ्या साखळ्या मात्र आपल्याकडच्या मोटारसायकलच्याच बसल्या, दाताला दात. जुनं इंजिन मेलेलं, तर यांनी भंगारातून एक रिक्षाचं इंजिन आणलं. त्या बातमीनं कॅनडाचे आजोबा तीन दिवस रुसले. इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा बिल्डिंगसमोरून जाणाऱ्या एकानं हात दाखवून विचारलं, "स्टेशन चलते क्या?" हे इतके खूश होते की म्हणाले, "दसरे के बाद."

दोन टायर कमी होते, ते डोंगरावर पर्यटकांना चारचाकी बाइकवर फिरवणाऱ्या एकाकडून मिळवले. या टायरांत हवा अगदीच कमी भरायची असते, दोन पौंड. तीही गाडीला पाण्यावर धरायला मदत करते. हे पंक्चरवाल्याला पटेना. "दो पौंड?" म्हणाला, "मॅडम, दो पौंड तो फुग्गे में होती. लोगां क्या बोलेंगे मेरेकू?" आणि मी चहा घ्यायला वळले तशी त्यानं आपल्या इज्जतीखातर दहाच्या वर मारली. टायर असा गरगरीत फुगला की पंक्चरवाला स्वतःच पाइप टाकून रस्त्यावर पळाला. मी जाऊन वॉल्व्ह दाबला. तेव्हापासून तो मला सलाम करतो.

माझ्या वाट्याला होता तो गाडीचा खालचा भाग. त्याला सात-आठ ठिकाणी काळी ठिगळं होती. म्हातारीनं हौदाची प्रत्येक चीर बुजवली होती, डांबरात घोंगडीचा तुकडा भिजवून. दिसायला अगदी ओंगळ. मी हीटगन लावून सगळी खरवडून काढली. निघता निघेनात, दोन नखं गेली. मग तिथं प्लास्टिक वेल्डिंग करून घेतलं, घासून गुळगुळीत केलं, वर पिवळा रंग. हात फिरवला तर जोड कुठंय ते कळू नये, असं काम.

श्रावणात म्हातारी डोळे तपासायला शहरात आली आणि लेकाला घेऊन थेट पार्किंगमध्ये हजर झाली. गाडीभोवती काठी टेकत एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं.

"माझी ठिगळं काढली व्हय?"

"मावशी, ते गावठी काम होतं. आता बघा, फॅक्टरीतून निघाल्यासारखी झाली."

"गळत नव्हतं पर," एवढंच म्हणाली आणि चहा बशीत ओतला. मला जरा झोंबलं. पण मी म्हटलं, जाऊ दे, तिला काय कळतंय फिनिशिंगमधलं.

भाद्रपदात शेंद्र्याला, यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या शेततळ्यात गाडी तरंगवून बघितली. तरंगली! वीस मिनिटं, थेंबभर पाणी आत नाही. मी प्रत्येक जोड चाचपला. चाकंच पाण्यात फिरून गाडीला पुढं नेतात, हळूहळू, म्हशीच्या चालीनं. अडचण एकच. हिला स्टेअरिंग नसतं. दोन दांड्या असतात, डावी ओढली की डाव्या बाजूची तिन्ही चाकं थांबतात आणि गाडी डावीकडं वळते. हे चाळीस वर्षं मोटार चालवलेला माणूस. हात आपोआप गोल फिरायचे, घाबरले की दोन्ही दांड्या एकदम ओढायचे, मग एकच सोडायचे. वीस मिनिटांत गाडीनं जागच्या जागी एकोणीस प्रदक्षिणा घातल्या. सहकाऱ्याची बायको काठावरून विचारत होती, "वहिनी, कुठल्या देवाला बोललाय?"

"सवयीनं येईल," हे म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आणि दसरा आला. सकाळीच टेम्पोतून गाडी तलावाच्या काठावर उतरवली. निम्मं गाव जमलेलं. म्हातारी नवं लुगडं नेसून दगडावर बसली होती, मांडीवर ताट, ताटात भंडारा, आपट्याची पानं, झेंडूची माळ. खांद्यावर एक जुनी काळी घोंगडी घडी घालून टाकलेली. मालकाची आहे, म्हणाली, देवाच्या अंगावर घालून माघारी आणायची असते. तिला बोलायला उसंत नव्हती, नजर सारखी टेकडीवर. तीन वर्षं अंतरलेलं माहेर समोर दिसावं तसं ती बघत होती.

गाडीची पूजा झाल्याशिवाय गाडी हलते का आपल्याकडं? मी झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं. चाकाखाली लिंबं ठेवायला गेले तर चारच आणलेली. सवय! मग गावातून दोन मागवली. शेवटी नारळ यांच्या हातात दिला आणि मीच म्हणाले, हे मी लपवणार नाही, मीच म्हणाले, "एका फटक्यात फोडा हं. शुभ असतं."

आता, टूलरूममध्ये पस्तीस दसरे यांनी नारळ फोडला तो प्रेस मशिनच्या बेडवर. हत्ती आपटला तरी टवका उडणार नाही असलं ओतीव लोखंड. हातानं आपलं काम केलं. यांनी डोळे मिटले, बिरोबाचं नाव घेतलं, आणि गाडीच्या नाकावर सगळ्या ताकदीनं नारळ हाणला.

नारळ एका फटक्यात फुटला. गाडीही फुटली.

दीड वीत लांब चीर, नाकापासून खाली पोटापर्यंत, जिथं पाणी लागणार तिथपर्यंत. आवाज असा आला की शेळ्या पळाल्या. हे हातात करवंटी धरून उभे, आणि मला असला राग आला म्हणून सांगू! "लोखंड आहे का ते? डोळे फुटले होते का? वर्षभर मी नखं घालवली त्याच्यावर!" मी सगळ्या गावासमोर बडबडले. बारा ठिकाणी जाडी मोजली होती मी त्या प्लास्टिकची. पन्नास वर्षांचं, उन्हात कडक झालेलं ते प्लास्टिक, त्याच्यावर नारळाची टेस्ट मी घ्यायला हवी होती, पण ती कुठल्या तक्त्यात लिहिलेली असते? वेल्डिंगवाला शहरात, दसऱ्याला दुकान बंद. दिवस मावळायच्या आत काही होणार नव्हतं.

म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली, ताट लेकाकडं दिलं आणि म्हणाली, "असू द्या मिस्तरी. त्याच्याच मनात नसंल." आणि तिथूनच हात जोडायला लागली. चौथा दसरा.

माझा राग तिथंच गेला. हिला आपण वर्षभर आशेला लावलं, आणि दाराशी आणून नाही म्हणतोय. मी चिरेवर हात ठेवून उभी राहिले आणि त्या खरवडून काढलेल्या ठिगळांची आठवण झाली. एकही आपणहून सुटलं नव्हतं. दोन नखं गेली होती माझी. शब्द तोंडातून काढणं जड गेलं, पण काढला.

"मावशी, घरात डांबर आहे का?"

तिनं वळून बघितलं. चांगलं निरखून बघितलं. "आता गावठी काम चालंल व्हय?"

"चालेल," मी म्हटलं. "माझं चुकलं. तुमचं एक ठिगळ द्या."

मग ती म्हातारी हललीच. लेकाला पिटाळून डांबराचा डबा आणवला, तीन दगड मांडून जाळ केला. घोंगडी आणायला सून धावली ती हात हलवत परत आली. घरात आता सगळ्या बाजारातल्या मऊ, फुलाफुलांच्या रजया, लोकरीची घोंगडी एकही नाही. असले मऊ कपडे डांबर पीत नाहीत, म्हातारी म्हणाली, लोकरच लागते, मेंढीची, जाड. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. म्हातारीनं खांद्यावरची घडी काढली, मांडीवर उलगडली आणि माझ्याकडं हात केला.

"कातर हाय का तुझ्या त्या पिशवीत?"

"मावशी, ती मालकांची..."

"मालकाचीच हाय. गाडी बी त्यानंच आणली ना?"

माझ्याकडची कातर घेऊन तिनं कोपरा कापला, त्याचे दोन तुकडे केले. ते उकळत्या डांबरात बुडवले, लाकडानं उचलले आणि चिरेवर थापले, एक बाहेरून, एक आतून. "धर. दाबून धर. सोडू नको." मी पदर गुंडाळून दोन्ही हातांनी दाबून धरलं. बोटं भाजली, मी ओरडले. "भाजलं? मग नीट लागलं," म्हणाली. वर पाणी मारलं, डांबर आवळून आलं. चकचकीत पिवळ्या गाडीच्या नाकावर एक काळंकुट्ट, केसाळ ठिगळ. क्वालिटीच्या नजरेनं सांगते, शंभर टक्के रिजेक्ट.

उन्हं कलायच्या बेतात आम्ही तिघं गाडीत बसलो. तिघांच्या कंबरेला ट्रॅक्टरच्या ट्यूबा, पुढं यांच्याशेजारी मांडीवर ताट घेऊन म्हातारी, मागं मी, पाणी उपसायला तेलाचा रिकामा डबा घेऊन. गाडी काठावरून खाली उतरली, चाकांखालची जमीन सुटली आणि आम्ही तरंगलो. काठावर शिट्ट्या. मी बाकी काही बघितलं नाही, वाकून आतल्या ठिगळावर तळहात ठेवून बसले. कोरडं. परत हात लावला. कोरडं.

पण गाडी पुढं जाईना. यांनी दोन्ही दांड्या ओढल्या, मग एकच, मग दुसरीच. एक प्रदक्षिणा झाली, दुसरी झाली. टेकडी एकदा उजवीकडून जायची, एकदा डावीकडून. काठावरचे लोक हसायला लागले. तिसऱ्या फेरीला म्हातारीनं यांच्या हातावर चापट मारली.

"सोडा मिस्तरी. कासरा हाय ह्यो. बैलाला कवा दोन्ही हातांनी वढत्यात व्हय?"

आणि तिनं दोन्ही दांड्या आपल्या हातात घेतल्या. सैल. डावीला जरा ओढ, सोड. उजवीला जरा ओढ, सोड. तोंडानं "हं... हं... सरळ" असं इंजिनालाच सांगत होती. रिक्षाचं ते इंजिन माझ्या नवऱ्याचं एक ऐकत नव्हतं, ते तिच्या बोलण्यावर सरळ टेकडीकडं निघालं. हे मांडीवर हात ठेवून बसले. लग्न झाल्यापासून मी त्यांना एवढं शहाण्यासारखं बसलेलं बघितलं नव्हतं.

टेकडीला चाकं लागली, चिखलातून गाडी आपोआप वर चढली. म्हातारीला आम्ही दोघांनी उतरवलं. झाडापर्यंतची वीस पावलं ती कुणाचा हात न धरता गेली. देवाला आधी चांगला दम भरला, "तीन सालं इचारलं नाय व्हय माझं, मेली का जिती?" मग त्याच्या अंगावर कोपरा कापलेली घोंगडी घातली, भंडारा उधळला, आपट्याचं पान ठेवलं, आणि डोकं टेकलं ते बराच वेळ उचललंच नाही. मी रडले. हेही रडले, पण म्हणाले भंडारा डोळ्यांत गेला.

निघताना तिनं मूठभर भंडारा शिल्लक ठेवला होता. मला वाटलं इंजिनाला लावेल, नाहीतर त्या दांड्यांना. तिनं तो सगळा त्या काळ्या ठिगळावर चोळला. मग यांचा हात धरून गाडीत चढली, दांड्या हातात घेतल्या आणि समोर पाण्याकडं बघत म्हणाली,

"मिस्तरी, पुढल्या साली नारळ दगडावर फोडा."